सिरॅमिक कोटिंग केलेली गाडी आणि कोकणातला पावसाळा: वर्षभराच्या वापरानंतरचे परीक्षण

माझ्या गडद निळ्या सेडानवर गेल्या वर्षी एप्रिलच्या अखेरीस पुण्यातील एका डिटेलिंग स्टुडिओतून, म्हणजे गाडीची बारकाईने सफाई व पॉलिश करणाऱ्या दुकानातून, सिरॅमिक कोटिंग करून घेतले. ही गाडी एरवी सोसायटीच्या उघड्या पार्किंगमध्ये उभी असते आणि भर पावसाळ्यातही ताम्हिणी घाट उतरून माणगाव, म्हसळामार्गे श्रीवर्धनजवळच्या आमच्या घरी नियमितपणे जाते. त्यामुळे घाटातला मुसळधार पाऊस, कोकणातला तांबडा चिखल, किनाऱ्यावरची खारी हवा आणि पुण्यातली बांधकामाची धूळ यांपैकी कशातूनही तिची सुटका नसते. एक पूर्ण पावसाळा, त्यानंतरचा हिवाळा आणि उन्हाळा पाहून झाल्यावर हे परीक्षण लिहीत आहे. मत आधीच सांगतो. कोटिंग उपयुक्त आहे आणि त्यावर केलेला खर्च वाया गेलेला नाही. परंतु त्याचा खरा लाभ जो गाडी स्वतः धुतो किंवा स्वतःच्या नजरेखाली धुऊन घेतो त्यालाच मिळतो, आणि आपल्याकडे या कोटिंगला पावसापेक्षा अधिक धोका असतो तो पाऊस थांबल्यानंतर गाडीवर वाळणाऱ्या पाण्याचा.

कोटिंग म्हणजे नेमके काय, हे विक्रेत्यांच्या बोलण्यातून नीट कळत नाही, म्हणून थोडक्यात मांडतो. सिलिकाप्रधान रसायनांचे द्रावण गाडीच्या रंगावर हाताने पसरवतात, ते हवेतील ओलाव्याशी संयोग पावून घट्ट होते आणि रंगाला चिकटून एक पारदर्शक थर तयार होतो. हा थर साधारणपणे एक-दोन मायक्रॉनचा, बऱ्याचदा त्याहूनही पातळ असतो. त्याखालचा कारखान्यात मारलेला क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक लेप, ४० ते ५० मायक्रॉनचा असतो, आणि दगडांपासून संरक्षण देणारी पारदर्शक फिल्म, जिला बाजारात पीपीएफ म्हणतात, ती १५० मायक्रॉनच्या पुढे असते. हे आकडे शेजारी ठेवले की अपेक्षा आपोआप ताळ्यावर येतात. एवढ्या पातळ थराने दगडाचा टवका थांबणार नाही आणि शेजारच्या दुचाकीचे हँडल लागून पडलेला ओरखडाही थांबणार नाही. पाणी आणि घाण यांना रंगाशी घट्ट चिकटू न देणे, हे त्याचे काम आहे आणि ते काम तो चोख करतो.

कोटिंगच्या ‘९एच’ कठीणतेभोवती जी जाहिरात चालते तिच्याविषयीही लिहिले पाहिजे. ही कठीणता पेन्सिलीने मोजतात. वेगवेगळ्या कठीणतेच्या शिसांच्या पेन्सिली ठरावीक कोनात व दाबाने पृष्ठभागावरून फिरवायच्या आणि कोणत्या पेन्सिलीने ओरखडा पडत नाही ते पाहायचे, अशी ती चाचणी असून त्या प्रमाणित मालिकेतली सर्वांत कठीण पेन्सिल ९एच असते. खनिजांची कठीणता ज्या मोह्‌ज मापाने सांगतात त्याच्याशी या आकड्याचा संबंध नाही. रस्त्यावरच्या धुळीत वाळूचे म्हणजे क्वार्ट्‌झचे कण असतात आणि क्वार्ट्‌झची कठीणता मोह्‌ज मापावर ७ आहे; शिशाच्या पेन्सिलीला दाद न देणारा थर या कणांपुढे टिकत नाही. म्हणूनच कोटिंग केलेल्या गाडीवर कोरडा फडका मारला तर उन्हात दिसणारी गोल-गोल बारीक रेषांची जाळी तिच्यावरही उमटते. स्टुडिओत गाडी ताब्यात देताना मला ‘आता ओरखड्यांची चिंता नको’ असे सांगण्यात आले होते. हे विधान चुकीचे आहे आणि नव्या ग्राहकांची दिशाभूल करणारे आहे, असे मला स्पष्टपणे म्हणायचे आहे.

स्टुडिओच्या मूळ कामाबद्दल मात्र माझे मत चांगले आहे. त्यांनी आधी गाडी धुऊन, लोहकण काढणारे रसायन मारून, चिकणमातीसारख्या क्ले बारने पृष्ठभाग साफ केला, मशीनवर पॉलिश करून जुन्या रेषा घालवल्या, अल्कोहोलयुक्त द्रावणाने पॉलिशचे तेल पुसले आणि मगच कोटिंग लावले. कोटिंगच्या खर्चातला मोठा वाटा या पूर्वतयारीचा असतो आणि चमक जी दिसते तीही बहुतांशी याच पॉलिशची असते. रंगाच्या दुरुस्तीसह २५,००० रुपयांच्या आसपास खर्च आला. ज्यांना हे काम करून घ्यायचे आहे त्यांनी मे महिन्याच्या मध्यापूर्वी करून घ्यावे, कारण पहिला आठवडाभर गाडीला पाणी लागू द्यायचे नसते, थर पूर्ण घट्ट व्हायला त्यानंतरही काही आठवडे जातात आणि जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात पाऊस दारात येऊन उभा राहतो. भर जुलैत ‘मान्सून ऑफर’ म्हणून सवलतीत कोटिंग करून देणारे बरेच असतात. बंद खोली, हवेतील आर्द्रतेवर नियंत्रण आणि थर सुकवणारे इन्फ्रारेड दिवे त्यांच्याकडे आहेत का, एवढे विचारल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नये.

आता पावसाकडे वळतो. ताम्हिणी हा सह्याद्रीतल्या अतिपावसाच्या पट्ट्यांपैकी एक आहे आणि तिथल्या पावसात चालत्या गाडीवरचे कोटिंग पाहणे हा खरोखर आनंदाचा अनुभव आहे. कोटिंगवर पाण्याचा थेंब पृष्ठभागाशी साधारण १०० ते ११५ अंशांचा कोन करून फुगीर बसतो, त्याची पकड कमी राहते आणि गाडीला वेग आला की बॉनेटवरचे थेंब काचेकडे सरकत सरकत निघून जातात. घाट उतरेपर्यंत वरचा अर्धा भाग जवळजवळ स्वच्छ झालेला असतो. खरी परीक्षा खालच्या अर्ध्या भागाची असते. माणगावच्या परिसरात महामार्गाचे काम वर्षानुवर्षे रखडले आणि तिथला सिमेंटमिश्रित चिखल, त्यापुढे म्हसळ्याकडे वळल्यावर जांभ्याची तांबडी माती, असे दोन थर दारांच्या खालच्या कडांवर, मागच्या बंपरवर आणि चाकांच्या कमानींत एकावर एक बसतात. जांभ्याच्या मातीत लोहाची ऑक्साइडे भरपूर असतात, तिचे कण अतिशय बारीक असतात आणि ते रबरी पट्ट्यांत, काळ्या प्लॅस्टिकच्या खडबडीत पृष्ठभागात आणि दगड लागून पडलेल्या टवक्यांत शिरून बसतात. कोटिंग असलेल्या भागावरून हा चिखल ओला असेपर्यंत नुसत्या पाण्याच्या झोताने जवळजवळ पूर्ण निघतो. शेजारीच, कोटिंग नसलेल्या प्लॅस्टिकच्या कडेवर, तोच चिखल तांबूस झाक मागे ठेवतो. कोटिंग काय करते हे कोणाला दाखवायचे असेल तर या दोन पृष्ठभागांमधली सीमारेषा पुरेशी आहे.

‘ओला असेपर्यंत’ ही अट मात्र फार महत्त्वाची आहे. घरी पोहोचल्यावर गाडी तशीच ठेवून सकाळी धुण्याची सवय मोडावी लागते. रात्री कितीही उशीर झाला तरी कंटाळा न करता पाच-दहा मिनिटे खालच्या भागावर आणि चाकांच्या कमानींत पाणी मारावे, हात लावू नये, शाम्पू नको, पुसणे नको. उरलेले काम दुसऱ्या दिवशी निवांत करता येते. सिमेंटच्या शिंतोड्यांबाबत तर अजिबात चालढकल करू नये, कारण सिमेंट अल्कधर्मी असते आणि एकदा धरले की साध्या शाम्पूला दाद देत नाही.

धुण्यासाठी मी घरगुती प्रेशर वॉशर वापरतो. कार्चरचे ‘के २’ हे छोटे मशीन या कामाला पुरते. त्याचा कमाल दाब ११० बार आणि पाण्याचा प्रवाह ताशी ३६० लिटर आहे. त्याच्यासोबत येणारा गोल फिरणाऱ्या झोताचा नोझल फरशी आणि अंगण धुण्यासाठी आहे, तो गाडीच्या रंगावर कधीही वापरू नये. पंख्यासारखा पसरट झोत देणारा नोझल घेऊन हातभर अंतरावरून पाणी मारले की काम होते. क्रम असा ठेवतो: आधी चाके आणि कमानी, मग संपूर्ण गाडीवर पाणी, मग फोम गनने शाम्पूचा फेस. हा फेस तीन-चार मिनिटे राहू द्यायचा, वाळू द्यायचा नाही, आणि पाण्याने काढून टाकायचा. यानंतरच हात लावायचा. दोन बादल्या, एकीत शाम्पूचे पाणी आणि दुसरीत साधे, दोन्हींच्या तळाशी खडी बसण्यासाठी जाळी, लांब धाग्यांचा मायक्रोफायबरचा हातमोजा, वरून खाली सरळ रेषेत हात, आणि प्रत्येक पॅनेलनंतर मोजा साध्या पाण्यात खंगाळणे, एवढी शिस्त पुरेशी आहे. खालचा पट्टा सर्वांत शेवटी आणि वेगळ्या मोज्याने धुवावा.

शाम्पूच्या निवडीला लोक फार हलके घेतात. आपल्याकडे केसांच्या शाम्पूची पुडी बादलीत रिकामी करण्याची पद्धत सर्रास आहे, कारण फेस भरपूर येतो आणि वास छान येतो. केसांच्या शाम्पूत केस मऊ राहावेत म्हणून घातलेले घटक असतात आणि ते कोटिंगवर स्वतःचा एक पातळ थर सोडतात. मग थेंब पसरट दिसू लागतात आणि कोटिंग संपले अशी समजूत होते. कपड्यांची पावडर तर सोड्यामुळे तीव्र अल्कधर्मी असते, ती रबर आणि प्लॅस्टिक दोन्ही निस्तेज करते. कोटिंगसाठी पीएच उदासीन असलेला आणि मेण किंवा चमक वाढवणारे पदार्थ नसलेला शाम्पू हवा. मी कारप्रोचा ‘रीसेट’ वापरतो. त्याचे प्रमाण पाचशेला एक असे आहे, म्हणजे दहा लिटरच्या बादलीला वीस मिलिलिटर पुरतात, त्यामुळे बाटली महाग वाटली तरी एका धुण्याचा खर्च फार येत नाही. तो मातीला सोडवतो, पाण्यात सहज निघून जातो आणि मागे काहीच ठेवत नाही. कोटिंगच्या बाबतीत हा शेवटचा गुण सर्वांत मोलाचा आहे.

पाण्याचा प्रश्न मी मुद्दाम सविस्तर मांडतो, कारण कोटिंग केलेल्या गाड्या खराब होताना मी ज्या पाहिल्या त्या बहुतेक पाण्यानेच झाल्या. पुण्यातल्या अनेक सोसायट्यांत वापराचे पाणी बोअरचे किंवा टँकरचे असते आणि बेसॉल्टच्या खडकातून येणाऱ्या या पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार चांगलेच असतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात विरघळलेल्या क्षारांची अपेक्षित मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसल्यास २,००० पर्यंत मुभा आहे, यावरून ध्यानात येईल की पिण्यास चालणारे पाणीसुद्धा गाडीवर वाळले तर पांढरी वर्तुळे सोडू शकते. कोटिंग नसलेल्या गाडीवर पाणी पातळ पसरते आणि डागही पसरट, पुसट पडतो. कोटिंगवर पाणी फुगीर थेंबात गोळा होते, त्यातले सगळे क्षार एका छोट्या वर्तुळात एकवटतात आणि उन्हात पाणी उडून गेले की तिथे कॅल्शियम कार्बोनेटचे कडे उरते. म्हणजे ज्या गुणासाठी पैसे मोजले त्याच गुणामुळे डाग अधिक ठसठशीत पडतो. बॉनेट, टप आणि डिकीचे झाकण हे सपाट भाग असल्यामुळे थेंब तिथेच मुक्काम करतात आणि डागही तिथेच सर्वाधिक दिसतात.

याला उपाय दोन आहेत. पहिला, धुऊन झाल्यावर प्रेशर वॉशर बंद करून साध्या पाइपने, नोझल न लावता, टपावरून पाण्याची संथ सलग धार सोडायची. कोटिंगवर ही धार चादरीसारखी सरकते आणि सुटे थेंब सोबत घेऊन जाते, मग पुसायला फारच थोडे पाणी उरते. ते मोठ्या, पिळाच्या धाग्यांच्या मायक्रोफायबर टॉवेलने न घासता टिपून घ्यावे आणि आरशांच्या खाचा, हँडलांच्या मागच्या जागा व बॅज यांतले पाणी छोट्या ब्लोअरने उडवावे. दुसरा उपाय कोकणातल्या घरी सहज मिळतो. पावसाच्या पाण्यात विरघळलेले क्षार अत्यल्प असतात. पागोळ्यांखाली पिंप ठेवून पहिल्या एक-दोन सरींचे पाणी वाहू दिले आणि नंतरचे पाणी स्वच्छ पातळ फडक्यातून गाळून साठवले, तर गाडी धुण्यासाठी त्याहून चांगले पाणी विकत घेऊनही मिळणार नाही. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारे पेनाच्या आकाराचे यंत्र काही शे रुपयांत मिळते. ते पागोळीच्या पाण्यात आणि सोसायटीच्या नळाखाली धरून पाहिल्यावर दोन आकड्यांमधली दरी स्वतःच पाहता येते. पाऊस संततधार लागलेला असेल तर गाडी पुसण्याच्या भानगडीत मी पडत नाही. शाम्पू निघाला की वरचा पाऊसच शेवटचे धुणे करून देतो. श्रावणातल्या ऊन-पावसाच्या खेळात मात्र सावध राहावे, कारण सर आली, गेली आणि लगेच कडक ऊन पडले की थेंब गाडीवरच आटतात.

डाग पडलेच तर ते ताजे असताना काढणे सोपे असते. पांढरे व्हिनेगर तेवढ्याच पाण्यात मिसळून, गाडी सावलीत आणि पत्रा थंड असताना, मायक्रोफायबरने डागावर अर्धा-एक मिनिट ठेवावे आणि भरपूर पाण्याने धुऊन टाकावे. कार्बोनेटचा डाग आम्लात विरघळतो. सिमेंटच्या बारीक शिंतोड्यांवरही हाच इलाज चालतो. पण पाण्यात सिलिकाही असते आणि तिचा डाग या आम्लाला बधत नाही. तिथे पॉलिशच करावे लागते आणि पॉलिश म्हणजे त्या जागेवरचे कोटिंग गेले. म्हणूनच डाग काढण्याच्या द्रव्यांपेक्षा तो पडू न देण्यावर मी अधिक भर देतो.

पक्ष्यांच्या विष्ठेबाबत कोटिंग थोडा अवधी मिळवून देते, अभय देत नाही. विष्ठा आम्लधर्मी असते, उन्हात तापलेल्या पत्र्यावर ती रंगात रुतते आणि कोटिंगवरही काही तासांत खूण उमटते. गाडीत पाण्याची फवारणी बाटली आणि दोन मायक्रोफायबर ठेवावेत, ओला कपडा त्यावर दोन-तीन मिनिटे ठेवून मग उचलून घ्यावे. पर्जन्यवृक्षाखाली गाडी लावण्याचे टाळावे. त्यावरच्या रस शोषणाऱ्या किडींचा चिकट द्राव सावलीच्या मोहाने लावलेल्या गाडीवर बारीक शिंतोड्यांसारखा पडत राहतो.

हिवाळा हा सोपा ऋतू असे मला वाटत असे, पण पुण्यात तो पावसाळ्याहून चिवट निघाला. दिवसभर बसलेल्या बांधकामाच्या धुळीवर पहाटे दव पडते, दवाचे थेंब धूळ गोळा करतात आणि सूर्य वर आला की संपूर्ण गाडीवर धुळीचे ठिपके उमटतात. याच वेळी सोसायटीतले गाडी पुसणारे काका एक बादली आणि एकच फडका घेऊन ओळीने सगळ्या गाड्या पुसत येतात. त्या फडक्यात आधीच्या गाड्यांची वाळू असते. मी त्यांचे महिन्याचे पैसे कमी न करता त्यांना विनंती केली की रंगाला हात न लावता फक्त काचा, चाके आणि पायाखालची मॅट एवढेच करावे. त्यांनी ती आनंदाने मानली आणि गाडीच्या अंगावर आजवर नवी जाळी दिसलेली नाही. कोटिंग करून घेणाऱ्या प्रत्येकाने पहिल्याच दिवशी करण्याची ही गोष्ट आहे. गाडीवर कव्हर घालणेही मी बंद केले, कारण धुळीने भरलेल्या गाडीवर वाऱ्याने हलणारे कव्हर फडक्याचेच काम करते आणि पावसाळ्यात ते ओल धरून ठेवते.

उन्हाळ्यात, विशेषतः पाणीटंचाईमुळे सोसायटीत पाइप लावण्यास बंदी असते तेव्हा, कोटिंगचा लाभ सर्वांत ठळक जाणवतो. नुसती धूळ असेल तर ऑप्टिममचे ‘नो रिन्स’ किंवा त्या प्रकारचे द्रावण २५६ ला एक या प्रमाणात अर्धी बादली पाण्यात कालवायचे, त्यात पाच-सहा मायक्रोफायबर भिजवायचे, आधी फवारणीने धूळ ओली करायची, मग एकेका घडीची एकच बाजू एका पॅनेलला वापरून हलकेच पुसत जायचे. गाडी पूर्ण स्वच्छ होते आणि जमिनीवर फारसे पाणी सांडत नाही. कोटिंगमुळे धूळ घट्ट बसलेली नसते, म्हणूनच हे शक्य होते. चिखल किंवा वाळू असलेल्या गाडीवर ही पद्धत कदापि वापरू नये.

थेंब फुगीर बसेनासे झाले की बहुतेक जण कोटिंग उतरले असे मानतात, आणि स्टुडिओही नवा थर सुचवायला तत्पर असतात. पावसाळा संपताना माझ्या गाडीच्या मागच्या दारांवर हेच झाले होते. प्रत्यक्षात कोटिंगवर रस्त्याचा तेलकट थर, क्षार आणि ब्रेकमधून उडणारे लोहकण साचले होते. लोहकण काढणारे रसायन, जसे कारप्रोचे ‘आयर्नएक्स’, मारल्यावर ते जांभळे ओघळ देत लोह सोडवते. वास उग्र असतो, हातमोजे घालून आणि सावलीतच वापरावे, वाळू देऊ नये. त्यानंतर शाम्पूने धुऊन, सौम्य आम्लधर्मी शाम्पूचा एक हात दिल्यावर थेंब पूर्ववत फुगीर बसू लागले. रेल्वेमार्गाजवळ गाडी लावणाऱ्या मुंबई-ठाण्याच्या वाचकांना तर हे दर तीन-चार महिन्यांनी करावे लागेल, कारण रुळांवरून उडणारी लोहाची बारीक धूळ तिथे सतत बसत असते. यानंतर गियॉनच्या ‘वेटकोट’सारखा ओल्या गाडीवर फवारून लगेच जोरदार पाण्याने धुवायचा सिलिकायुक्त फवारा मारावा. पावसाळ्यात गाडी कोरडी करण्याची सोय नसताना हा प्रकार फार सोयीचा आहे; फक्त तापलेल्या पत्र्यावर मारू नये आणि क्षणभरही वाळू देऊ नये, नाहीतर त्याचेच डाग पडतात.

काच आणि चाकांवरच्या कोटिंगविषयी थोडेच सांगण्यासारखे आहे. चाकांवर ते अवश्य करावे, ब्रेकची काळी पूड नुसत्या पाण्याने निघते. पुढच्या काचेवर मात्र वायपरच्या सततच्या घासण्याने ते एका पावसाळ्यात बरेच झिजले आणि झिजताना वायपर काही काळ थरथरत चालत होते. रात्रीच्या घाटात हा त्रास नको वाटतो, म्हणून त्या काचेवर पुन्हा करणार नाही.

वॉरंटीच्या कागदावर सही करण्यापूर्वी तो पूर्ण वाचावा. माझ्या कागदात वर्षे भरपूर लिहिली आहेत, परंतु पाण्याचे डाग, विष्ठा, ओरखडे आणि दगडांचे टवके वगळलेले आहेत आणि दर सहा महिन्यांनी पैसे भरून देखभालीसाठी गाडी आणली नाही तर वॉरंटी रद्द होते. पहिल्या देखभालीला मी तिथे उभा राहून पाहिले. धुण्याचे काम गर्दीच्या वेळी नवख्या मुलावर सोपवलेले होते, चाकांसाठी वापरलेलाच हातमोजा दारांना लागत होता आणि गाडी पुसायला बोअरच्या पाण्यात भिजवलेला टॉवेल आला. मी तिथेच थांबवून टॉवेल व मोजा बदलून घेतला. ज्यांनी कोटिंग इतक्या काळजीने लावले त्यांनीच देखभाल अशी करावी, याचे मला मनापासून वाईट वाटले. त्या फीमध्ये वर सांगितलेला शाम्पू, लोहकणांचे रसायन आणि फवारा हे सगळे वर्षभर पुरेल इतके येते, त्यामुळे पुढची देखभाल घरीच करण्याचा निर्णय मी घेतला आहे, वॉरंटी गेली तरी हरकत नाही.

आजची स्थिती अशी आहे की टप, बॉनेट आणि दारांच्या वरच्या भागावर कोटिंग उत्तम आहे. पुढच्या बंपरचा खालचा भाग, मागच्या चाकांमागची कमान आणि दारांच्या तळाची बोटभर पट्टी इथे ते जवळजवळ संपले आहे, कारण ताम्हिणीच्या रस्त्यावरची खडी तिथेच सतत आपटते. संपूर्ण गाडी पुन्हा कोट करण्याची गरज नाही. पुढच्या एप्रिलमध्ये एवढेच पॅनेल साफ करून कोट करून देणारा आणि पॅनेलवार दर सांगणारा डिटेलर मी शोधणार आहे, आणि बंपर व कमानींना कोटिंगऐवजी फिल्मच लावून घेणार आहे.